दवातला पेपर

हिवाळी परीक्षा सुरू झाली की मी मुलींचे हात बघते. सही घेताना, पुरवणी देताना हात आपोआप समोर येतात. बोटांवर बारीक ओरखडे आणि नखांच्या कडेला काळपट चिरा असल्या, की ती मुलगी काल कापूस वेचत होती हे कळतं. उकललेल्या बोंडाची वाळकी टोकं सुईसारखी लागतात. कापूस मऊ असतो, हे गादीवर झोपणाऱ्यांचं मत. एखादीच्या कानामागे पांढरा तंतू अडकलेला दिसतो. तो मी काढत नाही. पेपर लिहिणाऱ्या मुलीला हात लावला की ती दचकते आणि लिहीत होती ते विसरते.

यंदाही परीक्षा आणि वेचणी एकदमच आली आहे. दरवर्षी येते. वेळापत्रक ज्या खोलीत ठरतं तिच्या खिडकीतून कापूस दिसत नसावा. आमच्या खिडकीतून दिसतो. चुडाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावाबाहेर आमचं कॉलेज आहे. मागची भिंत संपली की कापसाचं रान सुरू होतं, आणि रानाच्या पलीकडून नांदेडची गाडी जाते. सकाळी त्या शेतावर इतकं दव असतं, की कापूस पांढरा न दिसता करडा दिसतो, राख पसरल्यासारखा. ऊन वर आलं की तो हळूहळू रंगावर येतो. मी या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि परीक्षेचं काम बघते. इतक्या वर्षांत त्या खिडकीबाहेर मी फारसं पाहिलं नव्हतं. पाहायला लावलं ते शितलनं.

शितल बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेजपासून सायकलनं येण्याजोग्या अंतरावर तिची वस्ती. वडील मारोतीभाऊ मेंढरं राखतात, थोडं कोरडवाहू रानही आहे. हंगामात आई दुसऱ्याच्या शेतात वेचायला जाते, आणि शितलही जायची. त्या हिवाळ्यात वर्गातल्या चाचण्या सुरू झाल्या आणि मागच्या दोन बाकांवरच्या मुली दिसेनाशा झाल्या. एके दिवशी ती कागदपत्रांसाठी आली, तेव्हा मी तिला धरलंच.

"चाचणीला का नव्हतीस?"

"मॅडम, आई एकटीच हाय वेचायला. अप्पा मेंढरामागं असतेत."

"आणि परीक्षा?"

"परीक्षा काय, पुढल्या वर्षी बी येती. कापूस थांबतंय का?"

तिच्यासोबत आलेल्या मुली तोंडावर ओढणी धरून हसल्या. मला राग आला, आणि राग आला की मी कामाचं बोलते. मी विचारलं, दिवसात अशी एक तरी वेळ आहे का, की जेव्हा कुणीच वेचत नाही? ती लगेच म्हणाली, "हाय की. दव हाय तवर कोण वेचतंय? वल्ला कापूस व्यापारी घेत न्हाई. दव उठुस्तर समद्या रिकाम्याच."

"रिकाम्या म्हणजे?"

"म्हंजी पाणी, भाकरी, झाडलोट, शेरडं सोडायची..."

"मग रिकाम्या कुठे?"

"तुमच्या हिशोबानं नसंल. आमच्या हिशोबानं रिकाम्याच हाव."

प्राचार्यांना मी सांगितलं, की या मुलींची चाचणी सकाळी दवात घेते. ते म्हणाले, एवढ्या सकाळी शिपाई येत नाही. मी किल्ली मागितली. त्यांनी ती टेबलावरून अशी सरकवली, जणू माझ्या मूर्खपणाची पावतीच देत होते.

तर त्या हिवाळ्यात आम्ही दवातले पेपर घेतले. नाव मुलींनीच ठेवलं. "उद्या दवातला पेपर हाय ना, मॅडम?" खोली गार असायची. मुली कानांना स्कार्फ बांधून, अंगावर आईची जुनी शाल घेऊन यायच्या, बोटं तोंडाजवळ नेऊन फुंकायच्या आणि लिहायला लागायच्या. बाहेर ते करडं शेत. बांधावर त्यांच्या आया येऊन बसलेल्या, कमरेला कापूस भरायची ओटी बांधून, ऊन यायची वाट बघत. भिंतीच्या या बाजूला पेनांचा आवाज आणि त्या बाजूला बायकांच्या बांगड्यांचा. घंटा नव्हती. खिडकीशी बसलेली मुलगी मधूनच मान वळवून बघायची, आणि बोंडावरची चकाकी गेली की ओरडायची, "मॅडम, दव उठलं!"

मग मी म्हणायची, "चला, राहिलेलं वाक्य पूर्ण करा आणि पेन खाली ठेवा." माझा एवढाच नियम होता. अर्धं वाक्य मला तपासता येत नाही.

खिडकीशी बसायची ती बहुतेक शितलच. तिच्याआधी पेपर झालेल्या मुली तिला कोपरानं ढोसायच्या, "अगं, बघ की, उठलं का न्हाई?" आणि तिचं उत्तर राहिलेलं असलं तर ती बाहेर बघून बिनदिक्कत सांगायची, "न्हाई उठलं अजून. लय हाय." बांधावरून तिच्या आईचा आवाज यायचा, "ए शितले! उठलं की गं कवाचं!" सगळा वर्ग हसायचा, आणि मी रागावल्याचं दाखवत उत्तरपत्रिका गोळा करायची.

एका पेपरात छुपी बेकारी म्हणजे काय, असा प्रश्न होता. तिनं लिहिलं होतं: माणूस कामावर दिसतो पण त्याचं काही काम नसतं ती छुपी बेकारी. आमच्या आईचं उलटं आहे, तिला काम असतं पण ती कामावर दिसत नाही. या बेकारीला काय म्हणतात ते पुस्तकात नाही. प्रश्नाला धरून पहिलं वाक्य तेवढं बरोबर होतं. मी त्याचेच गुण दिले. पुढचं मात्र माझ्या ध्यानात राहिलं.

त्या मुली त्या वर्षी सगळ्या पास झाल्या. यात जादू काही नव्हती. त्या आल्या, बसल्या आणि त्यांनी लिहिलं. मुलं नापास का होतात यावर मी आजवर पुष्कळ बैठकांना बसले आहे, चहा प्यायले आहे, पडद्यावरचे रंगीत आलेख बघितले आहेत. पेपर कधी ठेवायचा हे मुलींना विचारावं, असं त्यातल्या कुणालाही सुचलेलं मी ऐकलं नाही. मलाही राग आला म्हणून सुचलं.

*

नवं धोरण आमच्यापर्यंत त्याच सुमाराला पोचलं. त्यात एक सोय होती, आणि ती मला तेव्हाही पटली होती, आजही पटते. पूर्वी मुलगी एका वर्षानंतर घरी बसली तर तिच्या हातात काही राहत नसे. आता तसं नको. एक वर्ष झालं, उन्हाळ्यात एक छोटा व्यवसायाचा कोर्स केला, की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, आणि ठराविक वर्षांत परत येऊन पुढचं शिक्षण सुरू करता येतं. परत येताना तो कागद मात्र आधी जमा करायचा, कारण त्यातले गुण पुढच्या पदवीत धरले जातात. कागदावर हे सगळं नीट आहे. वाचताना कुठे बोट ठेवावं असं काही सापडत नाही.

उन्हाळ्यातला तो कोर्स करून जूनमध्ये शितल आली ती मारोतीभाऊंना घेऊन. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, पायातल्या जाड वहाणा दाराबाहेर काढलेल्या. खुर्ची पुढे केली तरी ते बसेनात.

"मॅडम, पोरगी पास झाली म्हनं. कागद बी भेटतोय म्हनं."

"भाऊ, ती पहिलं वर्ष पास झाली. अजून दोन वर्षं राहिलीत."

"व्हय, व्हय. ऱ्हायलेलं मागून घिऊ. पर पास झाली ना?"

"पहिलं वर्ष."

"मंग झालं की! सरकारनं बरं केलं, मॅडम. पयले लय टाइम लागायचा. आता एका वर्षात मोकळं."

मी पुन्हा समजावलं. खडू घेऊन फळ्यावर तीन चौकोन काढले, एक भरला, दोन रिकामे ठेवले. त्यांनी ते लक्ष देऊन पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, "मंग ह्यो भरलेला आमचा ना?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. त्यांनी भरलेल्या चौकोनाला दोन्ही हात जोडले.

शितल खाली बघत उभी होती. तिला सगळं कळत होतं. मी तिला बाहेर व्हरांड्यात घेतलं आणि सांगितलं, बाहेर पडायच्या अर्जावर सही करू नकोस. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या आधी आमच्या घरात कुणी मॅट्रिकला बी बसलं न्हाई. अप्पा सातवीतून निघाले. त्यांस्नी वाटायलंय पोरीनं करून दाखवलं. आता म्या म्हनू का, की न्हाई केलं?"

"राहिलंय, एवढंच म्हण."

"ऱ्हायलंय आन् न्हाई केलं, आमच्या वस्तीवर एकच असतंय."

तिनं सही केली.

पंधरवड्यानं वस्तीवर सत्कार झाला. मला बोलावणं होतं, मी गेले. लिंबाखाली सतरंजी, भोंगा, फ्लेक्सवर शितलचा पासपोर्टचा फोटो माणसाएवढा केलेला. वर लिहिलं होतं, 'पदवीप्राप्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. शालीऐवजी मारोतीभाऊंनी मला घोंगडी पांघरली. स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची. भोंग्यावर त्यांचा चुलतभाऊ बोलत होता, आमच्या समाजाची पोरगी बी.ए. झाली, वगैरे. माझी पाळी आली तेव्हा मी स्पष्ट शब्दांत सांगितलं, की शितल बी.ए.चं पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी पास झाली आहे, तिला पुढची दोन वर्षं शिकू द्या. टाळ्या कडकडल्या. 'पास झाली' इथपर्यंत लोकांनी ऐकलं होतं. शितलची आई समोर बसली होती. तिचे हात मी पहिल्यांदाच जवळून पाहिले. टाळ्या वाजवताना तिच्या तळव्यांचा आवाज लाकडासारखा येत होता.

पुढच्या हिवाळ्यात दवातले पेपर झाले नाहीत. चाचणीची वेळ आता संगणकावर भरावी लागते आणि तिथे इतक्या सकाळचा तास टाकताच येत नाही. मी बऱ्याच ठिकाणी फोन केले. पलीकडून एक मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, सिस्टिम घेत नाही." खिडकीजवळचं बाक रिकामं होतं. खरं म्हणजे बाकं बरीच रिकामी होती.

वर्षअखेरीच्या अहवालात पूर्वी अशा मुलींसाठी एक शब्द असायचा: गळती. ऐकायला वाईट होता, पण तो वाचला की छप्पर दुरुस्त करावंसं वाटायचं. आता शितलसारखी मुलगी गळतीत येत नाही. ती प्रमाणपत्रासह निर्गमनात येते, आणि निर्गमन हे यशाच्या रकान्यात धरतात. बैठकीत मी म्हटलं, हा रकाना चुकीचा आहे. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, सकारात्मक राहा."

*

लग्नाची पत्रिका द्यायला शितल स्वतः आली होती. हातात भरपूर बांगड्या, चेहऱ्यावर थोडा संकोच, थोडा आनंदही. तेव्हा कुणी तिला फरफटत नेत नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. मुलगा बरा होता, राणीसावरगावकडचा, घरची बागायती. पत्रिकेत तिच्या नावापुढे कंसात छापलं होतं, बी.ए.

"बघितलं का, मॅडम, काय लिवलंय?"

"बघितलं."

"खोटं हाय."

"मग खरं कर. मुदत आहे अजून."

ती मोकळेपणी हसली. "करते की! त्यांस्नी शिकलेलीच पायजे होती. शिकू न्हाई द्यायला काय झालंय?"

मुदत येत्या जूनला संपते. मागच्या आठवड्यात परीक्षेच्या कामानं मी गंगाखेडला बहिणीकडे मुक्कामाला होते. सकाळी लवकर निघून राणीसावरगावला गेले. उघड्या रिक्षात थंडी बोचत होती, म्हणून तीच घोंगडी पांघरली होती. ती टोचते, पण तिला थंडी बिचकून असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करडी शेतं होती. कुणीही वेचत नव्हतं.

घर पक्कं, नवं, दारात ट्रॅक्टर. शितलचे सासरे बाहेरच भेटले. मी कोण ते कळल्यावर त्यांनी घरात हाक दिली, "सूनबाई, तुझ्या मॅडम आल्या गं! च्या टाक." मला हॉलमध्ये बसवलं. समोरच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींशेजारी, शितलचं प्रमाणपत्र काचेत मढवून लावलेलं होतं. त्याच्यावर झेंडूचा हार होता, वाळून तपकिरी झालेला.

"दसऱ्याचा हाय," सासरे म्हणाले. "आमी समद्या हत्यारांस्नी हार घालताव. विळे, कुऱ्हाडी, टॅक्टर. म्या म्हनलं, सुनंचं हत्यार कोणतं? तर हेच की!" आणि ते स्वतःच्या विनोदावर मनापासून हसले. चांगला माणूस होता. माझी पंचाईत तीच झाली. वाईट असता तर भांडता आलं असतं.

मी सावकाश विषयावर आले. म्हटलं, शितल हुशार आहे, तिला पुढे शिकू द्याल का?

"कामून न्हाई? आमी न्हाई म्हनलोच न्हाई कधी." त्यांनी दाराकडे पाहून आवाज चढवला. "म्या तर हिला इचारलंय दोनदा. म्हनलं, बी.ए. झालीस, आता एम.ए. कर. गंगाखेडला हाय की कॉलेज. पोरगा गाडीवर सोडंल. पर हीच म्हणती, नगं. तुमीच सांगा तिला, मॅडम. इज्जतीची गोष्ट हाय."

शितल चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. पदर डोक्यावर, कमरेला ओटीचं फडकं खोचलेलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि इतकी वर्षं मुलींचे हात बघणाऱ्या मला तिचे डोळे वाचायला वेळ लागला नाही. मी चहा घेतला. म्हटलं, सांगते.

सासरे ट्रॅक्टरकडे गेले. शितल माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"मुदत जूनपर्यंत आहे," मी म्हटलं. "हे प्रमाणपत्र आणून दे, दुसऱ्या वर्षाला नाव घालते. बाकी माझ्याकडे लागलं."

"हे खाली काढलं तर इचारतील, मॅडम. कामून काढलं म्हणतील."

"खरं सांग."

"काय सांगू? बी.ए. न्हाई म्हणून? मग पत्रिकेत कुणी छापलं, म्हणतील. अप्पांनी छापलं." तिनं ट्रे बाजूला सरकवला. "अप्पांस्नी अजून तसंच वाटायलंय. त्यांनी कुणाला फसवलं न्हाई. पर इथं ते फसवे ठरतील. चार माणसांत बोलवून इचारतील त्यांस्नी."

"आणि सासरे म्हणतात ते एम.ए.?"

ती हसली. तेच जुनं हसू, पण आवाज नसलेलं. "बी.ए. न्हाई तर एम.ए. कसं होतंय, मॅडम? आन् बी.ए. करायचं तर आदी बी.ए. न्हाई म्हनावं लागतंय."

माझ्याकडे उपाय नव्हता. मला तसं बसायची सवय नाही. कुठे फोन करता येईल, कुणाला भेटता येईल, प्रमाणपत्राची दुसरी प्रत काढून ती जमा करता येईल का, असं मी मनात एकेक करून पाहत होते. एखादी वाट निघेलही. दुसऱ्या प्रतीबद्दल मी विचारणार आहे. पण वाट निघाली तरी रोज सकाळी पुस्तकं घेऊन ही कुठे जाते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला की एम.ए.च्या पहिल्या, हे या घरात कुणीतरी विचारणारच. ती हे माझ्याआधी मोजून बसली होती. पहिल्या वर्षाला असताना, तुझं गणित कच्चं आहे, असं मी तिला एकदा म्हटलं होतं.

मी तिचे हात पाहिले. बांगड्यांच्या खाली बोटांवर ताजे ओरखडे होते.

"इथंही वेचतेस?"

"स्वतःचं रान हाय की. स्वतःच्या रानात वेचायला काय लाज?" मग ती म्हणाली, "मॅडम, दवातला पेपर अजून असतंय का?"

"नाही. सिस्टिम घेत नाही."

तिनं मान हलवली, जणू तिला ते आधीच ठाऊक होतं. खिडकीतून शेत दिसत होतं. माणसं बांधावर जमायला लागली होती. करडा रंग शेताच्या एका कडेनं उजळत आत येत होता. शितल त्याच्याकडे मान वळवून बघत होती, खिडकीशी बसलेली मुलगी बघते तशी, आणि मला वाटलं, आता ही म्हणेल, न्हाई उठलं अजून, लय हाय.

"मॅडम, दव उठलं," ती म्हणाली, आणि कमरेचं फडकं सोडून ओटी बांधायला लागली.

राहिलेलं वाक्य पूर्ण कर, असं सवयीनं माझ्या तोंडाशी आलं. मी ते गिळलं, घोंगडी घडी करून खांद्यावर टाकली आणि चपला घातल्या.